स्वप्नात जाऊन बघून येतो म्हणाला

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्याच साली माझ्या समोरच्या घरातला माणूस नाक दाबून गावभर हिंडायला लागला.

नाक दाबून म्हणजे दोन बोटांनी, घट्ट, तोंड मिटून. पानटपरीवर बोलता बोलता मध्येच थांबायचा, नाक दाबायचा, डोळे मोठे करायचा आणि मग सोडून द्यायचा. "नही. मी जागा शे," असं स्वतःलाच सांगायचा आणि पुढचं बोलायला लागायचा. दूध डेअरीवर तेच. शहाद्याच्या बसमध्ये तेच. एकदा गावात मयत झाली, सगळे स्मशानात मान खाली घालून उभे, आणि हा चितेकडे बघत नाक दाबून. मेलेल्याचा पोरगा म्हणाला, "काका, वास यी ऱ्हायना का?" हा म्हणाला, "नही रे बेटा. हाई खरं शे का सपन शे, तेवढं तपासी ऱ्हायनू." आता त्या पोराने याला हाकलायला पाहिजे होतं की नाही? तर तो याच्या गळ्यात पडला. "माले बी तसंच वाटस काका," म्हणाला आणि रडला. मग हाही रडला. मी लांब उभा होतो. मला राग आला.

माझं आणि त्याचं बोलणं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बोलत नव्हता तर याला एवढं कसं माहीत. अहो, बोलत नव्हतो म्हणूनच माहीत. ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्याकडे माणूस नीट बघतो कुठं? ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. माझा ओटा आणि त्याचा ओटा समोरासमोर. त्याच्या घरात मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो.

आणि अगदीच बोलणं नव्हतं असंही नाही. त्याला मला काही सांगायचं असलं की तो दारातल्या म्हशीला सांगायचा, मोठ्याने. मी ऐकायचो. मला उत्तर द्यायचं असलं की मी माझ्या शेळीला द्यायचो. म्हशीला तो "बाय" म्हणायचा. "बाय, आज पानी सुटाव नही, भांडा भरी ठेवनात का लोकेस्नी?" मग मी शेळीला म्हणायचो, "आम्ही कालच भरी ठेवं, आम्हले कोनी सांगाले नको." जनावरं हुशार होती. एक दुसऱ्याकडे बघायचं.

त्याच्या बायकोशी माझं भांडण नव्हतं. तिला मी वहिनीच म्हणतो, ती मला भाऊजी म्हणते, आणि शेवभाजी केली की वाटी येते. भांडण आम्हा दोघांचं होतं. ते कशाचं, तेही सांगतो, कारण त्याच्याशिवाय नाक दाबण्याचा अर्थ लागायचा नाही.

आमची दोघांची मिळून एक घोडी होती. शेवंती नाव. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. नवरदेव मिरवायची घोडी. तापीकाठच्या गावांत लग्न निघालं की लोक आधी आम्हाला विचारायचे, मग भटजीला. घोडीच्या डाव्या बाजूचा लगाम तो धरायचा, उजवा मी. कधी बदललं नाही. लोक आम्हाला डावा काका, उजवा काका म्हणायचे.

त्याच्या सवयी तेव्हाही अशाच. सरकीची ढेप घोडीला घालायच्या आधी स्वतः चावून बघायचा. मी म्हटलं, अरे तू माणूस आहेस की काय आहेस? तर म्हणे, "तिले बी जीभ शे ना भो." लग्नात मुलीची पाठवणी सुरू झाली की हा रडायचा. प्रत्येक लग्नात. मुलगी कोणाची, कुठली, काही माहीत नाही, पण नाक ओढून ओढून रडायचा. एका गावात याचं रडणं बघून मुलीकडच्यांना वाटलं हा लांबचा मामा असेल, आणि त्यांनी त्याला टोपी-टॉवेलचा आहेर केला. त्याने तो घेतला! मी म्हटलं, परत दे. तर म्हणे, "रडनू ना मी? खरं रडनू." त्याच्याकडे असल्या उत्तरांची कमी नव्हती.

तर भांडणाचं ते लग्न. नवरदेव वर बसलेला, बॅन्ड वाजतोय, मारुतीच्या देवळाकडे मिरवणूक निघालेली. कोणीतरी फटाक्याची लड शेवंतीच्या पायाशी पेटवली. शेवंती उडाली. लगाम सुटला. आणि ती जी पळाली ती थेट शेजारच्या गावात, कारण आदल्या दिवशी आम्ही तिथल्या लग्नात होतो आणि तिथं तिला चण्याची डाळ आणि गूळ मिळाला होता. तिला कालचा मांडव आठवला, आजचा नाही.

आम्ही मोटारसायकलीवर मागून पोचलो तेव्हा मांडव निम्मा उतरवला होता आणि आमचा नवरदेव खाली पाटावर बसून वरण-बट्टी खात होता. त्या लोकांनी तरी काय करावं? बाशिंग बांधलेला माणूस घोडीवरून दारात आला तर त्याला उपाशी थोडंच पाठवतात. नवरदेव म्हणाला, "काका, यास्नी वांगानी भाजी भारी शे." इकडे मुहूर्त टळला. नवरीचा बाप लाल झाला, नवरदेवाचा बाप त्याच्याहून लाल झाला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याने विचारलं, "लगाम कोनी सोडा?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याच क्षणाला त्याने माझ्याकडे दाखवलं.

बस. त्या दिवसापासून बोलणं बंद. लगाम त्याने सोडला. मी तेव्हाही सांगितलं, आज लिहूनही सांगतो. माझा हात तेव्हा असा होता की त्यातून बैल सुटला नसता. शेवंती पुढं धुळ्याकडच्या एका माणसाला दिली. ती गेली तरी भांडण गेलं नाही.

आता नाकाकडे येऊ.

त्याला मोबाईलमध्ये एक दाढीवाला सापडला. हिंदीत बोलायचा. तो म्हणायचा, माणसाला झोपेत, स्वप्न चालू असताना, हे स्वप्न आहे असं कळू शकतं. आणि एकदा कळलं की स्वप्न तुमचं. हवं तिथं जा, हवं ते बघा. पण त्यासाठी दिवसा सवय लावावी लागते. दिवसभर स्वतःला विचारायचं, हे खरं की स्वप्न? नाक दाबून श्वास घ्यायचा. श्वास अडला तर जागे आहात. नाक दाबलेलं असूनही श्वास आला तर स्वप्न. दिवसा सवय लागली की कधीतरी स्वप्नातही हात आपोआप नाकाकडे जातो. आणखी एक होतं: पाटी दोनदा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात म्हणे. त्यापायी एकदा स्टँडवर याने बसची पाटी एकदा वाचली, मान फिरवली, दुसऱ्यांदा वाचायला बघतो तर पाटी नाही. हा आनंदाने ओरडला, "सपन शे!" स्वप्न कसलं, बस निघून गेली होती.

हे सगळं त्याने म्हशीला समजावून सांगितलं. मी शेळीचं अंग खाजवत ऐकत होतो. आणि शेवटी तो म्हणाला, "बाय, मी त्या लगनमा जासू. सपनमा. तठे उभा ऱ्हाईसन मन्हा डोयास्नी देखसू, लगाम कोनी सोडा. मंग गावले सांगसू."

माझा हात शेळीवरच थांबला.

तुम्ही हसाल. पण गाव हसलं नाही. आमच्या गावाला तो लगाम इतकी वर्षं पुरला होता. निम्मे डाव्या काकाचे, निम्मे उजव्या काकाचे. आता निकाल लागणार म्हटल्यावर पानटपरीवर रोज चौकशी. "काका, गयात का नही आज?" आणि मला काळजी पडली, खोटं कशाला बोलू. स्वप्न त्याचं, घोडी त्याच्या स्वप्नातली, बघणारा तोच. निकाल कोणाच्या बाजूने लागणार? उद्या उठून म्हणाला, मी बघितलं, उजव्याने सोडला, तर मी काय साक्षीदार आणू? मी शेळीला म्हटलं, "ज्यानं सपन, त्यानाच निकाल. असं कोर्ट कथं ऱ्हास का?" तिकडून म्हशीला उत्तर, "जो खरा शे तो कोर्टले भ्यास नही."

वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मनावर लेऊ नका. यानं खूळ पोयाले लागस, दिवाईले उतरस." ते खरं होतं. एका वर्षी मध काढायला शिकला आणि आठवडाभर तोंड सुजवून बसला. एका वर्षी बासरी. त्या बासरीमुळे म्हैस आटली असं वहिनी अजून म्हणते. पण या वेळी पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, हा नाक दाबतोच आहे. दुपारी जेवला की ओट्यावर पोतं अंथरायचा आणि झोपण्याआधी म्हशीसमोर म्हणायचा, "आज सपनमा माले समजी, का हाई सपन शे." देवाचं नाव घ्यावं तसं. उठला की पानटपरीवरचे धावत यायचे. आणि हा खाली मान घालून सांगायचा, "लसून सोली ऱ्हायंतू." रोज असलंच काहीतरी. लसूण सोलतोय. बँकेच्या लायनीत उभा आहे. मामाच्या घरी चप्पल सापडत नाही. माणसाला स्वप्नं पडावीत आणि इतकी भिकार पडावीत, मी तरी ऐकलं नव्हतं.

होळीच्या वेळी तो डोंगरात गेला. धडगावहून जीप धरून पुढं काठी गावाला, तिथली राजवाडी होळी बघायला. पहाटे डोंगरातून माणसं उतरताना बघितली, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, ढोल वाजतोय, आणि याने लगेच नाक दाबलं. श्वास अडला. म्हणजे खरं. दुसऱ्यांदा दाबलं. तरी खरं. शेजारच्या टोपवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, नाकाला काय झालं? याने सगळं सांगितलं, घोडी, लगाम, दाढीवाला. त्या म्हाताऱ्याने सांगितलं की होळीसाठी आम्ही पाळणी धरतो. खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, आपल्या हातचं खातो. मन एका जागी राहायचं तर अंगाला आधी सांगावं लागतं. आणि शेवटी म्हणे तो इतका हसला की कमरेचे घुंगरू वाजले. म्हणाला, "आम्ही देवासाठी पाळतो, तू भांडणासाठी पाळणार. पण धरलंस तर सोडू नको."

झालं. घरी येऊन याने पाळणी धरली. खाट उभी करून भिंतीला टेकवली. जमिनीवर गोधडी. भाकरी स्वतः थापायची, म्हणजे भाकरी कसली, तापीच्या पात्रातले दगड बरे. वहिनी माझ्या बायकोला सांगत होती, "लोके देवले नवस बोलतस. यानी नींदले बोला."

आणि मग उन्हाळ्यात तो खचला.

मला लगेच कळलं. एके दिवशी पानटपरीवर तो बोलता बोलता थांबला, हात वर गेला, आणि नाकापर्यंत न जाता त्याने नुसता घाम पुसला. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी पोतं अंथरलं पण म्हशीसमोर काही म्हटलं नाही. म्हैस वाट बघत होती. संध्याकाळी म्हणाला, "बाय, मन्हानी व्हत नही. लसूनच सोलनं लिखेल शे मन्हा नशीबमा."

आता मला बरं वाटायला पाहिजे होतं. निकाल टळला. पण मला बरं वाटलं नाही, रागच आला. एवढं गाव नादी लावलं, मला वर्षभर घोर लावला, आणि आता मध्येच सोडून देतो? मी शेळीचे कान धरले आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "देख, सोडी दिनं. मी काय सांगेल व्हतं? याना हात कायम असाच. धरस आनि सोडस."

समोर पोत्यावर तो उठून बसला. नाक दाबलं, इतकं जोरात की वहिनी पाणी घेऊन धावली.

तेव्हापासून तो ढिला पडतोय असं दिसलं की मी शेळीला काहीतरी सांगायचो. कधी म्हणायचो, दाढीवाल्याने शिकवणी बंद केली वाटतं. कधी म्हणायचो, उजवा हात असता तर एव्हाना दोनदा जाऊन आला असता. माझी बायको म्हणाली, "तुम्ही त्याले मदत करी ऱ्हायनात का?" मी म्हटलं, मदत कोण करतंय? मी डिवचतोय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

याच दिवसांत तिने मला परसात नाक दाबताना पकडलं. "तुम्हले बी लागनं का?" मी म्हटलं, सर्दी आहे. मे महिना होता. पण मला सांगा, तो एकटा जाऊन बघून येणार आणि मी काय हात चोळत बसणार? दुसऱ्या बाजूचाही माणूस तिथं हजर पाहिजे. पण मला जमलं नाही. मला स्वप्नंच पडत नाहीत. मी झोपतो तेव्हा झोपतो. त्यात कमीपणा काही नाही.

हिवाळा आला. यात्रेचे दिवस. दुपारची वेळ, ऊन छान, तो त्याच्या ओट्यावर पोत्यावर, मी माझ्या ओट्यावर सुपारी कातरत. एकदम तो उठला. डोळे मोठे. नाक दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग उतरला आणि गल्ली ओलांडून सरळ माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. म्हशीकडे बघितलंही नाही.

"देखी उनू," म्हणाला.

मी शेळीकडे बघितलं. शेळी चरायला गेली होती.

"काय देखं?" मी विचारलं. आता त्यालाच विचारावं लागलं, दुसरं कोणी नव्हतंच.

"बँकमा व्हतू. लाईनमा. पुढे कोन उभं व्हतं, वयख."

"कोन?"

"मन्ही म्हैस. पासबुक लिसन. मंग माले शंका उनी. नाक दाबं, तर श्वास चालूच! सुरसुर, सुरसुर! म्हैसले म्हनं, बाय, तू बाजूले सरक, माले लगनले जानं शे. आनि गऊ."

माझ्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. "मंग?"

"तेच गाव. तोच बॅन्ड. नवरदेव वर बठेल. शेवंती, भो, शेवंती! कपायवर तोच भोवरा. मन्हा खांदाले तिनी नाक घासं."

"लगाम सांग."

"थांब ना. नवरदेवले म्हनं, उतर."

"काबरं?"

"मन्हं सपन शे म्हनून. उतरना बिचारा. चांगला पोऱ्या व्हता. आनि मी चढनू."

"तू चढना?"

"जनमभर दुसरास्ले चढावं आपन. कधी बठनूत का? बठनू. फटाका फुटना, शेवंती उडनी, आनि जे पयनी भो, तापीवरथून! पानीले पाय लागू दिना नही तिनी!"

मी उभा राहिलो. "लगाम कोनी सोडा?"

त्याने डोकं खाजवलं. "वरथून दिखत नही ना भो. वर बठं म्हंजे तिनी मान दिखस, दोन कान दिखतस आनि समोर उजेड दिखस. लगाम खाले ऱ्हास."

काय करावं अशा माणसाला? दीड वर्ष नाक दाबलं, दगडासारख्या भाकरी खाल्ल्या, माझा जीव टांगून ठेवला, आणि ऐन वेळी बघायचं ते सोडून हा घोडीवर बसला! मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. गल्लीत दारं उघडली. तोही गप्प बसणारा नव्हता. "तू ऱ्हाता तर तू काय करता? खाले उभा ऱ्हाता का?" म्हणाला. मी म्हटलं, विषय बदलू नको. मग मी विचारलं, "आनि मी? मी कथा व्हतू?"

"खाले. दोन्ही बाजूले."

"दोन्ही बाजूले कसा व्हसू मी?"

"सपन शे ना! उजवीकडे बी तूच, डावीकडे बी तूच. दोन्हीजन माले वरडी ऱ्हायंतात. नीट बठ, नीट बठ, पडशी!"

पिठाचे हात तसेच घेऊन वहिनी बाहेर आली आणि माझ्या बायकोला हाका मारायला लागली, "वं बाई, बाहेर ये! बोली ऱ्हायनात! दोन्ही बोली ऱ्हायनात!" आम्ही दोघांनी एकदमच तिला सांगितलं की बोलत नाही, भांडतोय. पानटपरीवरचे निकाल ऐकायला आले आणि तसेच गेले. निम्म्यांना वाटलं आपण जिंकलो, उरलेल्यांनाही तेच वाटलं.

शेवटी तो माझ्याच ओट्यावर बसला, माझीच सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "फिरी सपनमा जानं पडी. सकायनं सपन पक्कं ऱ्हास, दाढीवाला म्हनस. सकाय उशीरलगून झोपसू, तर सापडी."

मी म्हटलं, "जाय. पन या वखतले खालेच उभा ऱ्हाय. घोडीले हात लावशी तर देख."

"देखसू," म्हणाला. त्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओट्यावर आलं तरी तो उठला नव्हता. दार उघडं होतं. आत जमिनीवर गोधडी, गोधडीतून दोन पाय बाहेर, आणि एक पाय मधूनच हलत होता, टाच मारल्यासारखा. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी, छाती हलेल असा आवाज. मी माझी खाट उचलली, गल्लीत आडवी टाकली आणि तिच्यावर जाऊन बसलो.

ड्रायव्हर परगावचा होता. खाली वाकून म्हणाला, "ओ बाबा, खाट काढा ना. काय व्हयनं? मयत शे का?"

"नही. एक मानूस झोपेल शे."

"मंग उठाडा त्याले!"

मी म्हटलं, "उठाडता येत नही. कामवर जायेल शे तो."

ड्रायव्हरने उघड्या दारातून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काही खाटेवरून उठलो नाही. त्याने गाणी बंद केली आणि दोन्ही ट्रॉल्या घेऊन गल्लीतून मागं मागं जायला लागला. शिव्या देत होता, पण हळू आवाजात.